आर्केन, दोन्ही सीझनचे स्पॉयलर: जेसने व्हिक्टरला दिलेला शब्द मोडला ते प्रेम की स्वार्थ?

पेठेतली_अभ्यासिका
परीक्षेमुळे आर्केन या अॅनिमेशन मालिकेचा दुसरा सीझन बघायचा राहिला होता तो आत्ता संपवला आणि डोक्यातून जातच नाहीये. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटवर यावरून कडाक्याचं वाजलंय म्हणून इथे विचारतेय. जेस आणि व्हिक्टर हे एकत्र काम करणारे दोन शास्त्रज्ञ मित्र. पहिल्या सीझनच्या शेवटी व्हिक्टर जेसला स्पष्ट सांगतो की हेक्सकोर, म्हणजे लॅबमधली ती जादुई वस्तू, नष्ट कर, कारण त्याच्यापायी त्याची लॅबमधली सहाय्यक स्काय गेलेली असते, बिचारी त्याला वाचवायला धावली आणि क्षणात राख झाली. जेस शब्द देतो. मग शहर चालवणाऱ्या कौन्सिलवर रॉकेट पडतं आणि हाच जेस मरायला टेकलेल्या व्हिक्टरला उचलून त्याच हेक्सकोरच्या हवाली करतो. रूममेट म्हणते आपलं माणूस डोळ्यांसमोर जात असताना शब्द कोण बघत बसतं, हेच खरं प्रेम. मला नाही पटत. व्हिक्टरला जगायचं होतंच ना, झॉनच्या, म्हणजे खालच्या गरीब वस्तीच्या, विषारी हवेने फुफ्फुसं गेली तरी शेवटपर्यंत धडपडत होता, फक्त त्या वस्तूच्या जिवावर जगायचं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी
मी आयसीयूत नर्स आहे त्यामुळे माझं मत थोडं वेगळं असेल. पेशंटने आधी दहा वेळा सांगितलेलं असतं मला मशीनवर ठेवू नका, आणि ऐनवेळी मुलगा थरथरत्या हाताने सही करतो, सगळं करा म्हणतो. ९ मार्च २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विलला, म्हणजे मशीनवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली तरी दारात उभ्या माणसाच्या हातून ते होत नाही गं. त्या मुलाला मी स्वार्थी म्हणणार नाही आणि जेसलाही नाही. पण तो निर्णय प्रेमाएवढाच अपराधीपणातून येतो हेही रोज बघते. जेसच्या डोक्यावर शिमर या नशेच्या द्रव्याच्या कारखान्यातलं ते पोर आहे, त्याच्याच हातून गेलेलं. आणखी एक मरण त्याला पेलवणारच नव्हतं.

फ्रेम_बाय_फ्रेम
अॅनिमेशन शिकतोय म्हणून एक गोष्ट दाखवतो, जेसचा पाय बघा. दुसऱ्या सीझनमध्ये तो एका उद्ध्वस्त भविष्यात जाऊन पोचतो, तिथल्या खड्ड्यात पडून त्याचा पाय मोडतो, तो स्वतःच पट्ट्या आवळून ब्रेस बांधतो आणि परत येतो तेव्हा हातोड्याचा आधार घेत लंगडत येतो. पहिला अख्खा सीझन व्हिक्टर काठी टेकत चालला तसाच. मालिका बनवणाऱ्या फोर्टिश स्टुडिओवाल्यांनी एकाही वाक्यात हे बोलून दाखवलेलं नाही, सगळं वजन कुठल्या पायावर पडतंय एवढ्यातून दाखवलंय. आणि तसाच लंगडत येऊन तो काय करतो तर व्हिक्टरवर हातोडा चालवतो. मोडलेला शब्द इतक्या उशिरा पाळायला आलाय तो, मला ते बघवलं नव्हतं.
अजून एक, लॅब उद्ध्वस्त झाल्यावर जेस कड्यावर उभा असतो तेव्हा व्हिक्टर त्याला थांबवतो, आणि नंतर स्काय गेल्यावर व्हिक्टर तसाच कडेला उभा असतो तेव्हा जेस येतो. दोघांनीही एकमेकांना मरू दिलेलं नाही, त्यामुळे हेक्सकोरपाशी जेस वेगळं काही करेल ही अपेक्षाच मला अवघड वाटते.

आदिपर्ववाला
महाभारतात रुरू आणि प्रमद्वरेची गोष्ट आहे बघा. लग्न तोंडावर आलेलं, प्रमद्वरेला साप चावतो, ती जाते, आणि रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवतो. दिलं ते स्वतःच्या खिशातलं. जेसने पहिल्यांदा जे दिलं ते व्हिक्टरच्या खिशातलं होतं, त्याची इच्छा, त्याचं शरीर, आणि म्हणून ते फळलं नाही असं मला वाटतं. शेवटी मात्र व्हिक्टर त्याला परत पाठवू बघतो आणि तो जात नाही, जे सुरू केलं ते दोघांनी मिळून संपवायचं म्हणतो. तिथे तो रुरूच्या रांगेत बसतो.

पेठेतली_अभ्यासिका
दादा, खिशातलं हे अगदी पटलं. पण मग त्या लहानग्या जेसचं काय? बर्फातून त्याला आणि आईला वाचवणारा जादूगार व्हिक्टरच निघतो, म्हणजे ज्याच्यामुळे पुढे सगळं घडणार त्यालाच त्याने वाचवलं. आणि मनगटावरचा तो खडा जेस आयुष्यभर जपतो, कोणी दिला हे माहीत नसताना. ते कळलं तेव्हा मी पॉज करून ढसाढसा रडले.

रात्रपाळी
मला व्हिक्टरबद्दलही बोलायचंय कारण सगळे जेसलाच धरतात. जेसने त्याच्यावर जे लादलं तेच तो पुढे हजारो लोकांवर लादतो. हेक्सकोरमधून मिळालेल्या शक्तीने शिमरने सडलेली माणसं बरी करतो तिथपर्यंत ठीक, लोक स्वतःहून रांगा लावून यायचे, पण शेवटाकडे तर कुणाला विचारायचंही बंद, सगळ्यांचं दुखणं काढायचं म्हणून सगळ्यांचं मनच काढून घ्यायचं. स्काय त्याला सतत दिसते ती उगाच नाही, एक जीव गेला त्याची भरपाई तो अख्ख्या जगाला बरं करून करू बघतोय. आणि जेस त्याला शेवटी सांगतो काय, तर तुझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच, तो पाय, तो आजार, त्या सगळ्यासकट तू तू होतास. हे तो हेक्सकोरपाशी बोलू शकला असता का? मला नाही वाटत. तेव्हा त्याला व्हिक्टर फक्त जिवंत हवा होता.
तुझ्या रूममेटलाही हा धागा वाचायला दे, तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.