बोलेरोत तीन जादा मीटर कुठे बसवू?

गाडी २०१२ ची बोलेरो, डिझेल. सातारा ते कास असं यवतेश्वर घाटातून आठवड्यातून दोन-तीनदा जाणं होतं, बहुतेक वेळा भरलेल्या गाडीने. कंपनीचा काटा नुसता थंड-गरम दाखवतो, मला आकडा हवा. म्हणून ५२ मिमीचे तीन मीटर आणलेत: पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर, व्होल्ट. तिन्ही इलेक्ट्रिक आहेत, त्यामुळे गरम ऑइलची नळी केबिनमध्ये येणार नाही, फक्त वायरी.

डॅशबोर्डवर डबल टेपने लावून पाहिले. उन्हात टेप सुटली, आणि रात्री त्यांचा उजेड पुढच्या काचेत दिसायचा. घाटात ते अजिबात चालणार नाही. स्टिअरिंगजवळच्या, पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर पुठ्ठ्याची गोल चकती धरून बघितली, तर उजव्या वळणावर समोरची गाडीच झाकली जाते. गाण्यांच्या टेपच्या खाली, गिअरजवळ जागा आहे, पण तिथे मान खाली घालावी लागते.

डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. गाण्यांचा टेप काढायचा नाही. गाडी बायकोही चालवते, तिची सीट बरीच पुढे असते, तिलाही मीटर दिसले पाहिजेत.

खांबावर एकच, ऑइल प्रेशरचा, आणि बाकीचे दोन खाली असं कुणी केलंय का? आणि इंजिनकडून वायरी आत घ्यायला बोलेरोत आधीचं रबरी बूच नेमकं कुठे सापडतं?