एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे आजार झालाच का?

घाबरलेली_ताई: धाकट्या भावाची, वय २६, सहा महिने कंबर दुखतेय, सकाळी उठतो तेव्हा पाऊण तास नुसता ओंडका, चालला-फिरला की मोकळा होतो. काल रिपोर्टात हे पॉझिटिव्ह आलं आणि त्याने स्वतःच गूगल करून मणके जुळून बांबूसारखे होतात वगैरे आईला वाचून दाखवलं. आई रात्रभर जागी. मुळात हा जीन करतो काय?

ताठ_कणा: मला अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस आहे, म्हणजे मणक्यांचे सांधे सुजून ताठ होतात तो आजार, ११ वर्षं झाली. हाच जीन बाबांकडून आलाय आणि ते सत्तरीत पण मजेत गड चढतात, त्यांना काहीच नाही. पॉझिटिव्ह असलेल्या शंभरातल्या फार तर पाचेक जणांना हा आजार होतो. पण भावाची लक्षणं जुळतायत हो, सकाळचा ताठपणा, हालचालीने बरं वाटणं, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांध्यांच्या डॉक्टरला दाखवाच, ते बहुतेक एसआय जॉइंटचा, म्हणजे कण्याचं खालचं टोक कमरेच्या हाडाला जोडणाऱ्या सांध्याचा एमआरआय सांगतील. आणि या आजारात डोळाही सुजू शकतो, म्हणून डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

पेशीवाले_सर: एचएलए-बी जीन सगळ्यांनाच असतो, ६ नंबरच्या क्रोमोसोमवर, बी२७ ही त्याची एक जात. काम काय, तर पेशीच्या आत जी प्रोटीन्स आहेत त्यांचे तुकडे बाहेर आणून टी पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना दाखवायचे, गेटवर वॉचमनला डबा उघडून दाखवतो ना तसं. डब्यात व्हायरसचा तुकडा निघाला की ती पेशी खलास. बी२७ यात हुशार आहे, एचआयव्ही झालेल्या बी२७वाल्यांत आजार बऱ्याचदा सावकाश वाढतो. खोट एवढीच की याच्या प्रोटीनची घडी हळू पडते, चुकीच्या घड्या आत साठतात आणि पेशी ताणाखाली येऊन अलार्म वाजवते. माणसाचा बी२७ घातलेल्या उंदरांत हे दिसलंय, तिथे आयएल-२३ आणि १७, म्हणजे सूज वाढवणारे निरोप्ये प्रोटीन, वाढतात. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसला या जीनचा आजाराशी संबंध सापडला, पण कोडं काही पूर्ण सुटलेलं नाहीये. आयएल-१७ अडवणारी औषधं मणक्याला लागू पडतात, २३ अडवणारी ट्रायलमध्ये नापास झाली!

घाबरलेली_ताई: डब्याचं आईला सांगितलं, हसली एकदाची 🙏 मग मी पण टेस्ट करू का?

ताठ_कणा: कंबर दुखतेय का?

घाबरलेली_ताई: नाही

ताठ_कणा: मग पैसे कशाला घालवता, त्याच्या एमआरआयला ठेवा.