मॅक मॅक्लंग आणि एनबीएचं दार

'जी लीगमध्ये (एनबीए या अमेरिकेतल्या अव्वल बास्केटबॉल लीगच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीगमध्ये) सामन्याला पंचवीस गुण काढतो, 2023-24 चा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू होतो, तरी मॅक्लंगला एनबीएत कायमची जागा नाही, हा अन्याय आहे,' अशी तक्रार ऐकू येते. हळहळ मलाही वाटते, पण अन्याय म्हणवत नाही. 30 संघ, प्रत्येकी 15 जागा आणि वर तीन टू-वे करार (एनबीए आणि जी लीग, दोन्हीकडे खेळायचे), एवढाच कारभार. त्यात गुण काढणारे तारे आधीच बसलेत. शेवटच्या जागेसाठी संघाला बचाव करणारा, कोपऱ्यात उभा राहून तीन गुणांचा फटका अचूक मारणारा माणूस लागतो. सहा फूट दोन इंचाच्या, चेंडू हातात असतानाच खुलणाऱ्या मॅक्लंगसारख्या गार्डला (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला) तिथे अवघड जातं.

आंद्रे इंग्राम आठवा. दहा वर्षं त्याच जी लीगमध्ये घासली, पोटासाठी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. 10 एप्रिल 2018 ला लेकर्स या एनबीए संघाने खेळवलं तेव्हा वय 32, केस पिकलेले. ह्यूस्टनविरुद्ध 19 गुण, तीनच्या पाच फटक्यांपैकी चार आत! अख्खं स्टेडियम 'एमव्हीपी' ओरडत होतं. त्याला बोलावलं ते त्या तीन गुणांच्या एका फटक्यासाठी. मॅक्लंगनेही असं एक काम पक्कं धरावं, असं मनापासून वाटतं.