लिथियम टाकलं की काळजी मिटली? कोणाची?

मांडवा_मुरिंग
परवा इथे बोटीवरच्या बॅटऱ्यांबद्दल "लिथियमवाला" यांनी लिहिलं: "लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे आजोबांचा जमाना. लिथियम घ्या, 200 वॅटचं सोलर लावा आणि मुंबई ते गोवा फ्रिज बिनधास्त चालू ठेवा." खाली चाळीस अंगठे. दोन नव्या पोरांनी तर बॅटऱ्या मागवल्यासुद्धा. म्हणून लिहायला बसलो.

माझी बोट 28 फुटी. एप्रिलात फ्रिजचा कॉम्प्रेसर साडेचार ॲम्पिअर ओढतो आणि चोवीसातले पंधरा तास चालतो. झाले 67 एएच (ॲम्पिअर-तास). ऑटोपायलट 3 ॲम्पिअर, दहा तास, म्हणजे 30. प्लॉटर (नकाशाचा पडदा), व्हीएचएफ रेडिओ, पंखा, दिवे मिळून 20-25. दिवसाला 120 धरा. तुमचं 200 वॅट लख्ख उन्हात 60-65 देतं, तेही बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली पडली नाही तर. रोज 55 चा खड्डा. लिथियमने तो बुजत नाही, एक दिवस उशिरा कळतो इतकंच.

आणि कळतो कसा? लेड हळूहळू उतरते. 12.2 दिसले की निम्म्यावर आलो समजून माणूस आवरतं घेतो. लिथियम शेवटपर्यंत तेरा दाखवतं आणि मग एकदम अंधार. गेल्या वर्षी विजयदुर्गच्या अलीकडे इंजिन चालू असताना बीएमएसने, म्हणजे लिथियमच्या आतल्या राखणदार सर्किटने, बॅटरी तोडली. अल्टरनेटरला करंट टाकायला जागाच उरली नाही, डायोड उडाले. पहाटेचे चार. प्लॉटर काळा, होकायंत्रावर टॉर्च धरून बायको उभी. तिने तोंडातून एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

लिथियमवाला
काका, वहिनींना माझा नमस्कार. पण अल्टरनेटर थेट लिथियमला जोडला हा पराक्रम तुमच्या इलेक्ट्रिशियनचा, बॅटरीचा नाही. अल्टरनेटर स्टार्टरच्या लेड बॅटरीला, आणि तिथून पुढे 30 ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीतून दुसरी बेताने भरणारा डबा. मग बीएमएसने तोडलं तरी स्टार्टर बॅटरी समोर असतेच. शिवाय अल्टरनेटर तापत नाही. व्होल्ट बघून लिथियम चालवतं का कोणी? शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा) लावा, टक्के दिसतात.

लेडचंही ऐका. 200 एएचमधले 100 च वापरायचे. 80 टक्क्यांच्या पुढे ती घोट घोट पिते, शेवटच्या 20 टक्क्यांना चार-पाच तास लागतात. तेवढं डिझेल कोण जाळतो? मुरिंगवर (बोट बांधायच्या बोयावर) कायम अर्धपोटी उभी, प्लेटांवर सल्फेट, दोन पावसाळ्यांत भंगार. मी तीन सेट भंगारात घातलेत. तिसऱ्या वेळी भंगारवाला म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी येतो."

जुना_खलाशी
तुम्हा दोघांचं एकच दुखणं, फ्रिज. सुहैली ही शिडाची होडी आपल्या मुंबईत बांधलेली, 32 फुटी. 1968-69 मध्ये तिने 312 दिवसांत एकट्या माणसाला जगाभोवती फिरवून आणलं. ना सोलर, ना फ्रिज.

लिथियमवाला
आणि त्याचा रेडिओ वाटेत बंद पडला, घरच्यांना महिनोन्महिने पत्ता नव्हता. तेही सांगा ना आजोबा.

हर्णैकर
मी मच्छीमाराचा पोर, तुमच्या ॲम्पिअरमधलं मला थोडंच कळतं. पण 120 पैकी 67 एकटा फ्रिज खातो आणि भांडताय बॅटरीवर? बर्फ घ्या की. आमची बोट पाच-सहा दिवस बाहेर असते, खणात बर्फ आणि मासा एकावर एक.

आणि एक विचारतो. वीज वाचवायला तुम्ही लोक रात्री नांगराचा दिवा बंद करता, त्याचं काय? जानेवारीत जयगड खाडीत अशीच एक पांढरी होडी काळोखात उभी. आमच्या तांडेलाने शेवटच्या क्षणी सुकाणू मारलं म्हणून. शिव्या देत जवळून गेलो तर आतून गाणी ऐकू येत होती. गाण्यांना वीज होती.

बावीस_फुटी
7 मीटरच्या आतल्या बोटीला नांगराचा दिवा सक्तीचा नाही. समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 30 वाचा. माझी 6.7 मीटर आहे.

मांडवा_मुरिंग
अर्धाच वाचलात. ती सूट अरुंद वाटेत, नांगरवाड्यात, किंवा जिथे बाकीच्या होड्यांची ये-जा असते तिथे किंवा त्याच्या आसपासही नाही. जयगड खाडीत कोणाची ये-जा नसते? एलईडीचा दिवा पाव ॲम्पिअर घेतो, रात्रभराचे 3 एएच. 3!

बावीस_फुटी
मग मच्छीमारांनाही नियम सांगा. निम्म्या बोटी बिनदिव्याच्या. आणि ज्यांच्याकडे दिवे आहेत ते जनरेटर लावून अख्खा समुद्र पेटवतात. 2017 पासून केंद्राची बंदी आहे एलईडी मासेमारीवर, तरी चालूच. मागच्या महिन्यात माझे डोळे असे दिपले की पुढची बोया दिसली नाही.

हर्णैकर
तोंड सांभाळून. एलईडीवाले कोण आहेत ते आम्हाला विचारा. त्यांच्यामुळे आमच्या जाळ्यात काही उरत नाही, बंदीसाठी मोर्चे आम्ही काढले. तुम्ही तेव्हा कुठे होतात? शनिवार-रविवार फिरायला येणार आणि आम्हाला कायदा शिकवणार. आमच्या बिनदिव्याच्या बोटी म्हणता, त्या डोलीच्या, म्हणजे एका जागी रोवलेल्या जाळ्याच्या. कुठे असतात ते किनाऱ्यावरच्या पोरालाही माहीत. चार्टवर नसतात म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

बावीस_फुटी
"पोरालाही माहीत" म्हणजे दिवा झाला का? माझ्या प्रोपेलरमध्ये जाळं अडकलं तेव्हा जेमतेम सहा वर्षांच्या पोरीला घेऊन तीन तास वाहत होतो मी.

हर्णैकर
पोरीचं ऐकून वाईट वाटलं. जाळंही कोणाचं तरी होतं, हे लिहिलं नाहीत. बिनदिव्याचं चुकतंच, तेवढं मान्य.

जुना_खलाशी
भांडून झालं असेल तर कोणी वायर उघडून बघितली का? माझ्या बोटीत फ्रिज "बॅटरी कमजोर" सांगून बंद पडायचा. दोन बॅटऱ्या बदलल्या. शेवटी लग (वायरच्या टोकाची कडी) कापला तर आतलं तांबं काळं, वीतभर सोललं तरी काळंच. घरगुती वायर टाकलेली, खारं पाणी तारेतून वर चढलेलं. बॅटरीपाशी 12.6, फ्रिजपाशी 11.3. कथील चढवलेली जाड वायर टाकली, त्याच जुन्या बॅटरीवर फ्रिज चालला.

हर्णैकर
आमच्याकडे जून-जुलैच्या बंदीत बॅटऱ्या घरी येतात. आई ओसरीत फळीवर ठेवायला लावते, लादीवर नाही. का ते विचारलं तर ओरडते. पंधरा दिवसांनी चार्जिंग, टर्मिनलला ग्रीस. त्या लेडच आहेत, पाचवं वर्ष.

लिथियमवाला
पाचवं वर्ष? बरं. ओसरी असेल त्याने लेड घ्यावी, आम्हा फ्लॅटवाल्यांनी लिथियम. आणि "बिनधास्त" हा शब्द मी मागे घेतो, काका. तेवढाच.

मांडवा_मुरिंग
उपकार झाले. डीसी-डीसी चार्जर मी मागवलाय, कोणाला सांगू नका. हर्णैकर, बर्फाची लादी चांगल्या पेटीत किती दिवस टिकते?

हर्णैकर
भुशात नीट दाबली तर तीन. बिअर ठेवणार असाल तर दीड.