मदत हवी आहे : शहरातल्या शहरात, ऋतूंप्रमाणे डेटचे बेत कसे आखावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघेही नोकरी करतो. एकाच घरात राहत असूनही एकमेकांसाठी निवांत वेळ ठरवूनच काढावा लागतो. साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि कामाच्या दिवसांतली एखादी संध्याकाळ एवढाच अवकाश हाताशी असतो. शहराबाहेर मुक्कामाला जाण्याचा विषय या धाग्यात कृपया आणू नये, कारण तो आमच्याकडे वेगळ्या खात्यात जमा होतो. मला विचारायचे आहे ते शहरातल्या शहरात, दोन-चार तासांत उरकणाऱ्या पण घाईत न उरकाव्या लागणाऱ्या भेटींबद्दल.

अडचण अशी की आमची यादी नेहमी ठिकाणांची होते. एक उद्यान, एक पाणवठा, एक संग्रहालय, जुन्या वस्तीतला एखादा रस्ता, असे सगळे त्यात असते आणि कागदावर ते भरगच्च दिसते. प्रत्यक्षात मात्र उन्हाळ्यात उद्यानातल्या बाकावर बसवत नाही, पावसाळ्यात पाणवठ्यापर्यंत पोहोचवत नाही आणि हिवाळ्यात कार्यालयातून बाहेर पडेपर्यंत काळोख झालेला असतो. मग दोघांपैकी कोणीतरी ‘चल, नेहमीच्या ठिकाणी जाऊ’ असे म्हणते, आणि नेहमीचे ठिकाण म्हणजे मॉल नाहीतर चित्रपटगृह. चित्रपटाला माझा विरोध नाही. पण अडीच-तीन तास शेजारी बसून चकार शब्द बोलायचा नाही आणि त्यालाच भेट म्हणायचे, हे आताशा दोघांनाही पटेनासे झाले आहे.

आमच्या मर्यादाही सांगून ठेवतो. माझ्या जोडीदाराला ऊन सोसत नाही, लगेच डोके धरते. मला गर्दीत आणि मोठ्या आवाजात धड बोलता येत नाही. खर्च माफक ठेवायचा आहे, आणि आधी पैसे भरून केलेले आरक्षण हवामानामुळे बुडाले की पुढचे दोन दिवस घरात त्याचीच चर्चा चालते, तेव्हा तेही टाळायचे आहे. वर्षभराचा बेत आखताना सुरुवात नेमकी कशापासून करावी, आणि ऋतू बदलला तरी तो बेत टिकावा यासाठी काय करावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. ‘मेणबत्त्या लावा, फुले आणा’ या प्रकारच्या सूचना महाजालावर भरपूर वाचून झाल्या आहेत.

प्रतिसाद १

ठिकाणांची यादी टाकून देऊ नका, तिच्या डाव्या बाजूला वेळेचा एक रकाना वाढवा आणि तोच आधी भरा. एकच उद्यान एका ऋतूत सकाळी सहाला सुरेख असते, दुसऱ्यात दुपारी तीनला. बहुतेक जोडपी ठिकाण बदलत राहतात आणि वेळ मात्र संध्याकाळी सातचीच धरून बसतात, म्हणून त्यांना शहर अपुरे वाटू लागते.

उन्हाळ्याचे पाहू, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा नव्हे, तर त्यानंतर दोन-तीन तासांनी, म्हणजे साधारण तीन-चारच्या सुमारास हवा सर्वांत तापलेली असते, कारण तोपर्यंत जमिनीत येणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते. शहरात त्यात भर अशी की काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावर ती हळूहळू सोडत राहतात. म्हणूनच दाट वस्तीत रात्री नऊ वाजतासुद्धा भिंतीजवळून चालताना अंगाला झळ लागते. तेव्हा उन्हाळ्यातली ‘सायंकाळची फेरी’ ही कल्पना मोठ्या झाडांच्या किंवा मोकळ्या पाण्याच्या काठी ठीक आहे, इमारतींच्या गल्लीत नाही. दिवसातली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपास असते. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठणे हा अत्याचार वाटेल, हे मान्य आहे. पण त्या वेळी शहर रिकामे असते, बोलायला आवाज चढवावा लागत नाही आणि जोडीदाराच्या डोक्यालाही त्रास होत नाही. आठ वाजता घरी परतून दुपारी दोघांनी ताणून दिली तरी भेट झालेली असते.

दुपारच वापरायची असेल तर जाड भिंतींच्या जुन्या इमारती, ग्रंथालये, मत्स्यालये, संग्रहालये यांच्याकडे वळावे. अनेक शहरांत संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेवढे आधी पाहून घ्यावे. संपूर्ण संग्रहालय पाहण्याच्या फंदात मात्र पडू नये. एकच दालन निवडावे, दोघांनी वेगवेगळे फिरून आपल्याला घरी न्यावीशी वाटणारी एक वस्तू हेरावी आणि मग एकमेकांना तिथे नेऊन कारण सांगावे. नात्याला कितीही वर्षे झालेली असोत, समोरचा माणूस मातीचा फुटका दिवा निवडून त्याच्यासमोर पाच मिनिटे बोलेल, हे आपल्याला आधी ठाऊक नसते.

हिवाळ्यात हाच हिशेब उलटतो. दिवस लहान झालेला असतो, म्हणून कामाच्या दिवसाची संध्याकाळ घराच्या किंवा छपराच्या आत द्यावी आणि सुट्टीची दुपार मोकळ्या आकाशाखाली. थंडीतले पहाटेचे धुके डोळ्यांना मोहक असले तरी वाहतुकीच्या शहरात तेव्हा हवा पुष्कळदा सर्वांत वाईट असते, कारण जमिनीलगतची थंड हवा वरच्या तुलनेने उबदार थराखाली अडकते आणि धूर व धूळ तिथेच साचून राहते. ऊन चढल्यावर हा थर मोडतो. म्हणून हिवाळ्यात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहून, अकरा-बारा वाजल्यानंतर निघावे. उन्हाळ्यात शत्रू असलेले ऊन या दिवसांत पाठीवर घेत तास दोन तास रमतगमत चालता येते, आणि तुमच्या जोडीदारालाही ते सोसवेल.

दोन ऋतूंच्या मधल्या आठवड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तेव्हा कुठेही, कधीही जा. फक्त परागकणांची ॲलर्जी असेल तर कोरडा आणि वाऱ्याचा दिवस बागेसाठी धरू नका.

आणखी एक. सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा जो संधिप्रकाश असतो, तो शहराने जोडप्यांना फुकट दिलेला देखावा आहे. रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि आकाश अजून गडद निळे असते. विषुववृत्ताजवळच्या शहरांत हा खेळ वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावे तसा लांबतो. त्यासाठी उंच जागा, पूल किंवा एखादी गच्ची पुरते, पण पोहोचायचे सूर्यास्ताच्या आधी. जाहिरातीतली सूर्यास्ताची छायाचित्रे पाहून लोक सूर्य बुडाला की उठून जातात, हे मला कधी समजलेले नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण बेत कोण आखते हा मुद्दा सुटला. एकानेच वर्षभर ठिकाण शोधायचे, वेळ ठरवायची, छत्री घ्यायची आठवण ठेवायची आणि दुसऱ्याने फक्त तयार व्हायचे, असे झाले की तिसऱ्या महिन्यात ते कार्यालयीन काम वाटू लागते. त्यावर साधा उपाय म्हणजे पाळी. एका वेळी एकाने सगळे ठरवायचे, दुसऱ्याने त्या दिवशी तक्रार करायची नाही आणि पुढच्या वेळी भूमिका बदलायच्या. ठरवणाऱ्याने कपडे कसे घालायचे आणि किती चालायचे आहे एवढे मात्र आधी सांगावे, कारण पायांना चावणारे नवे बूट घालून कोणालाही प्रेम सुचत नाही.

नेहमीच्या ठिकाणाबद्दलची तुमची कुरकुरही निराधार नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जोडप्यांना प्रयोगशाळेतच एक गमतीदार काम दिले होते. दोघांचे एकेक मनगट आणि घोटा एकत्र बांधून, गादीवर रांगत, हातांचा वा दातांचा वापर न करता एक उशी अडथळ्यापलीकडे न्यायची होती. हे काम अवघ्या सात मिनिटांचे होते. साधे, कंटाळवाणे काम केलेल्या जोडप्यांच्या तुलनेत या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान नोंदवले. त्यातून मी घेतलेला अर्थ असा की नवे ठिकाण नसले तरी चालेल, दोघांनाही न येणारी एखादी गोष्ट एकत्र करावी. मातीकामाचा एक दिवसाचा वर्ग, नौका वल्हवणे, हातात नकाशा घेऊन आणि मोबाईल बंद ठेवून अपरिचित पेठेतून मार्ग काढणे, यांतले काहीही चालेल. छपराखालचे वर्ग पावसाळ्यासाठी राखून ठेवावेत, म्हणजे आरक्षण बुडण्याची भीती उरत नाही.

शिवाय ज्या तारखेला सगळे शहर जोडीने बाहेर पडते, ती तारीख सोडून पुढचा कोणताही साधा दिवस धरावा. जागा तीच असते, आवाज निम्मा असतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. वेळेचा रकाना आम्ही कालच आखला आणि उन्हाळ्यातल्या पहाटेवर घरात अपेक्षेप्रमाणे वाद झाला. अखेर ‘साडेसहाच्या आधी नाही’ या अटीवर तह झाला आहे. आता दोनच शंका उरतात. पावसाळ्याबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, त्यावर प्रकाश टाकावा. दुसरे, रात्रीच्या आकाशासाठी शहरात बसून काही करता येते का? आमच्या इमारतीची गच्ची मोकळी असते.

प्रतिसाद ३

पावसाळ्यात बेत दिवसाचा न आखता परिस्थितीचा आखावा. म्हणजे ‘पुढच्या शनिवारी पाच वाजता’ असे न ठरवता ‘पाऊस रिमझिम असेल तर अमुक, कोसळत असेल तर तमुक’ असे दोन पर्याय शक्यतो एकाच परिसरात तयार ठेवावेत. झाडांची वाट आणि तिच्या टोकाला पुस्तकांचे दुकान, अशी जोडी सर्वांत सोयीची. कोणता पर्याय घ्यायचा हे निघण्यापूर्वी तासभर आधी पावसाचे रडार पाहून ठरवावे. पुढच्या एक-दोन तासांसाठी ते आठवड्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचे असते.

एका छत्रीत दोघे हे चित्रात छान दिसते. प्रत्यक्षात उंच माणूस छत्री धरतो, बुटक्याच्या चेहऱ्यावर तिरका पाऊस येतो आणि दोघांचाही बाहेरचा खांदा निथळतो. वर कापडावरच्या सरींच्या आवाजात बोललेले ऐकूही जात नाही. दोन छत्र्या न्या आणि जवळ यायचे असेल तेव्हा एक मिटा. पाऊस थांबल्यावरचा पहिला तास मात्र अजिबात दवडू नये. सरींनी धूळ खाली बसवलेली असते, त्यामुळे उंचावरून दूरवरचे दिसते, आणि ओल्या डांबरावर दिव्यांचे रंग पसरतात. मोठ्या कोरड्या काळानंतरच्या पहिल्या हलक्या सरीत मातीचा गंध सर्वांत दरवळतो. तो मुहूर्त दिनदर्शिकेत सापडत नाही, म्हणून आमच्याकडे करार आहे की पहिली सर आली की ज्याला आधी दिसेल त्याने फोन करायचा आणि जमेल त्याने दहा मिनिटे तरी बाहेर यायचे, मग दोघे शहराच्या दोन टोकांना असलो तरी चालते.

गच्चीचे म्हणाल तर चंद्रापासून सुरुवात करा, कारण त्याला शहराचा उजेड आडवा येत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा, म्हणजे कामावरून यायला उशीर होत असेल तर पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस अधिक सोयीचा. उल्कावर्षावांपैकी दोन लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ययाति तारकासमूहातून येणारा १२-१३ ऑगस्टच्या सुमारास शिगेला पोहोचतो, पण तेव्हा पाऊस असणाऱ्या भागांत त्याच्यावर विसंबू नये. मिथुन राशीतून येणारा १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो. तो उत्तर गोलार्धात रात्री दहाच्या आसपासही दिसू लागतो आणि मध्यरात्रीनंतर अधिक रंगतो. शहरात फक्त ठळक उल्का दिसतील, तेव्हा तासाभरात मोजक्या दिसल्या तरी नाराज होऊ नका. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती मेहनत वाया जाते. तुम्हाला बोलायला निवांत वेळ हवाच होता, तेव्हा चटई आणि दोन पांघरुणे घेऊन आडवे पडा आणि मोबाईल खालीच ठेवा.

एवढे मात्र पाळा : ढगांचा गडगडाट कानावर आला की गच्चीवर, उघड्या मैदानात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा वर जाऊ नये.