बीडीएसनंतर सार्वजनिक आरोग्याकडे वळावे का?

प्रश्न: मी नुकतीच दंतवैद्यकाची पदवी घेतली आहे. दवाखाना थाटण्यापेक्षा लोकसमूहाच्या आरोग्यावर काम करावेसे वाटते, पण एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) केल्यावर पुढे नेमके काय करता येते?

उत्तर १: अवश्य वळा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र येथील अभ्यासक्रम पाहा. मात्र साथरोगशास्त्र, आरोग्य धोरण की कार्यक्रम व्यवस्थापन, हे आधी मनाशी ठरवा, कारण नोकरीची वाट तिथेच फुटते. संख्याशास्त्राला घाबरू नका.

उत्तर २: माझे मत थोडे वेगळे आहे. आधी वर्षभर गावात काम करा. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना घरोघरी नवजात बाळाचे श्वास मोजायला आणि झोळीच्या काट्यावर वजन घ्यायला शिकवले, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि पुढे आशा सेविकांच्या गृहभेटींना त्यातूनच दिशा मिळाली. जागतिक म्हणवले जाणारे आरोग्यकार्य असे ओसरीवर घडते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. तंबाखू आणि मुखाचा कर्करोग हा विषय घेऊन गावातूनच सुरुवात करते.