मदत हवी आहे: भाड्याच्या घरात भिंतीतून पाणी, खर्च कोणाचा?

खाडीकाठ: रत्नागिरीत भाड्याने राहतो. न्हाणीघराची भिंत ओली, पलीकडच्या खोलीत रंगाचे पापुद्रे सुटलेत. मालक मुंबईला. म्हणतात, "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, करारात आहे." उद्या प्लंबर टाइल्स फोडायला येतोय. पैसे कोणी द्यायचे? लवकर सांगा.

नळजोड: आधी फोडाफोडी थांबवा. घर चिऱ्याचं की आरसीसी? पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) की सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे)? ओल सतत की आंघोळीनंतर वाढते?

खाडीकाठ: चिऱ्याचं. पाइप भिंतीत आहेत, मला काय दिसणार? प्रश्न पैशांचा आहे!

वकिली_चष्मा: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. नोटीस द्या, किमान १५ दिवस थांबा, मग स्वतः करून भाड्यातून कापा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

शंकासुर: अर्धंच सांगितलंत. करारात वेगळं ठरलं नसेल तरच. शिवाय हे भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार नव्हे, नुसता घर वापरायचा परवाना) असेल तर करार काय म्हणतो ते आधी बघायचं. करार कुठला आहे?

आंबापोळी: एवढं कशाला? वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, झालं.

नळजोड: आतून पाणी येत असताना वरून हात मारले तर पुढच्या पावसाआधीच पापुद्रा सुटेल. खाडीकाठ, फ्लशचा अँगल कॉक आणि सगळे नळ रात्री बंद करा, टाकीत पातळीची खूण करा. सकाळी उतरली तर प्रेशरची लाइन (टाकीतून नळांना पाणी आणणारी) गळतेय. जुन्या जीआयला आट्यांवर गंज धरतो, बहुतेक तिथेच.

खाडीकाठ: टाकी शेजाऱ्यांशी सामाईक आहे.

नळजोड: हे आधी सांगायचं ना! मग प्लंबरला टेस्ट पंप (लाइनमध्ये दाब भरून गळती तपासायचा) आणायला सांगा. तुमचा व्हॉल्व्ह बंद, शॉवरच्या तोंडाला प्लग, दाब देऊन अर्धा तास काटा बघायचा. जुन्या लाइनला जास्त दाब नको. काटा स्थिर राहिला तर नाहणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी) तपासा: बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बसवा, इंचभर पाणी तुंबवा, पातळी बघा. बोळाच गळला तर निष्कर्ष चुकेल.

गडगा: आमच्याकडे सेप्टिक टँक दोन वर्षांनी उपसतात. कोणी द्यायचे पैसे?

शंकासुर: नवा धागा काढा.

खाडीकाठ: करार सापडला. लिव्ह अँड लायसन्स, ११ महिने. "किरकोळ दुरुस्ती" एवढंच, व्याख्या नाही.

शंकासुर: मग वाद घालायला जागा आहे. वॉशर, स्पिंडल, कनेक्शनची नळी तुमची. भिंतीतली लाइन किरकोळ कशी? फोटो आणि प्लंबरचा अंदाज व्हॉट्सॲपवर पाठवा, लेखी होकार आल्यावरच टाइलला हात लावा. परस्पर भाडं कापू नका, डिपॉझिट त्यांच्याकडे आहे.

नळजोड: आणि अंदाजात नळाच्या तोंडाशी पितळी आट्यांचा एल्बो (काटकोनी जोड) लिहून घ्या. नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्या नळ आवळताना तडकतात, मग तीच भिंत परत फोडावी लागते.